मोठी मोटरहोम घेऊन चांदोलीला : रात्री गाडी उभी कुठं करायची?

पाचगावकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ३ रात्रींसाठी मोटरहोम भाड्यानं ठरवलीय. आईला जंगल बघायचंय. वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले. लॉजचे जिने तिला नकोत आणि तंबूत जमिनीवर झोपणं तर शक्यच नाही. म्हणून हा घाट घातला.

गाडीची मापं मालकाकडून घेतली. बसच्या सांगाड्यावर बांधलेली आहे, लांबी २९ फूट, रुंदी ८ फूट, छतावरचा एसी धरून उंची ११ फूट २ इंच. पाण्याची टाकी २५० लिटर. संडास कॅसेटचा, म्हणजे खालचा डबा ओढून काढायचा आणि रिकामा करायचा. आम्ही ८ जण, त्यात ३ पोरं. वर त्यांचा ड्रायव्हर.

डोक्यात तीन जागा आहेत. पहिली पसंती चांदोली, धरणाच्या पाण्याकाठी. सकाळी दार उघडलं की समोर पाणी पाहिजे. दुसरी दाजीपूर, तिसरी आंबा. एवढी मोठी गाडी घेऊन कुणी गेलंय का? कुठं उभी केली? फोटोत सगळ्याच जागा छान दिसतात.

खटक्यावर_बोट
भावा एवढं लांब कशाला? २०२१ च्या डिसेंबरात गवाच कोल्हापूर बघायला आलता. गाडी रंकाळ्याला लाव, भेळ खा, डिझेल वाचलं.

हळद्या
त्या वेळी शहराशेजारी एका तरुणाचा जीव गेला होता, चेष्टा जरा जपून.

पाचगावकर, आधी जागांची ओळख नीट करून घ्या, कारण तिन्हीकडचे नियम वेगळे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. १९८५ पासून अभयारण्य होतं, २००४ ला उद्यान झालं, २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, ३५१ चौरस किलोमीटर, गव्यांसाठी प्रसिद्ध. आंबा हे गाव आहे, भोवती जंगल आहे.

उद्यानात किंवा अभयारण्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७. आत जाळ करायचा नाही, कलम ३०. म्हणजे "आतच एखाद्या माळावर गाडी लावू, शेकोटी करू" हे मनातून काढून टाका. दिवसा परवाना घेऊन फेरी मारायची, रात्री बाहेर यायचं. आतले रस्ते मातीचे आणि अरुंद, तिथं जीपनंच जायचं. तेव्हा तुमचा प्रश्न जंगलात कुठं हा नाहीच. जंगलाबाहेर, पण सकाळच्या फेरीला वेळेत पोचता येईल अशा अंतरावर कुठं, एवढाच आहे.

डिसेंबर चांगला निवडलात. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांदोली बंदच असते.

मुक्कामी_गाडी
३१ वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलंय, त्या हिशोबानं सांगतो. पटलं तर घ्या.

मोठी गाडी कुठं जाईल हे गुगलला विचारू नका, मुक्कामी एसटीला विचारा. संध्याकाळी गावात येऊन रात्रभर थांबणारी आणि पहाटे निघणारी एसटी ज्या गावात आहे, तिथं २९ फुटांची गाडी जाते, वळते आणि रात्री सरळ उभी राहते. ह्याला दुसरा पुरावा लागत नाही. ज्या गावाला एसटी फाट्यावरच सोडून जाते, तिथं का सोडते ह्याचा विचार करावा.

रस्ता : मलकापूर-कोकरूडवरून जाता येतं, जवळ पडतं. पण तुमच्या जागी मी हायवेनं पेठ नाका, तिथून शिराळा, मग शेडगेवाडी, आरळा असा गेलो असतो. रत्नागिरी रस्त्याला चौपदरीचं काम, कुठं डायव्हर्शन निघंल सांगता येत नाही. हायवेलाही सहापदरीची कामं आहेत, पण तिथं निदान रुंदी आहे. दाजीपूरला गेलात तर फोंडा घाट दाजीपूरच्या पुढं लागतो, तो तुम्हाला उतरायचाच नाही. तरी राधानगरी सोडल्यावर वळणं आहेतच. वळणावर गाडीची शेपूट बाहेर मारते हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात गाडी देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवस मावळायच्या आत जाग्यावर थांबा. डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे दोन्ही बाजूला हातभर बाहेर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला. गव्यापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटायची.

पाचगावकर
काका, मुक्कामी एसटीचा मुद्दा एकदम डोक्यात बसला. आमच्या मामाच्या गावची मुक्कामी आठवली. कंडक्टर आमच्याच सोप्यात झोपायचे.

ड्रायव्हर मालकाचाच आहे. मी चालवणार नाही. गाडीचं भरल्यावरचं वजन साडेसात टनांच्या वर आहे, माझं लायसन हलक्या वाहनाचं.

मुक्कामी_गाडी
मग त्याच्या झोपेची सोय आधी बघा. भाड्याच्या गाडीत सगळ्यांना बिछाना असतो आणि ड्रायव्हरला सीट. ८ जणांच्या घरात नववा माणूस कुठं पडणार? तो झोपला नाही तर परतीला तुम्ही जागे राहाल.

डेन्व्हरचा_पाव्हणा
शिवाजी पेठेतला, सध्या मुक्काम अमेरिका. इथं आम्ही अशा गाड्या घेऊन तीनचार राष्ट्रीय उद्यानं केली, म्हणून लिहितो.

इथं जागा निवडताना पहिला प्रश्न गाडीच्या लांबीचा येतो, बाकी सगळं नंतर. योसेमिटीच्या दरीत ४० फुटांपर्यंतच मोटरहोम चालते आणि तिथल्या कॅम्पच्या जागांवर वीज-पाण्याची जोडणी नाही. ग्लेशिअर उद्यानातल्या डोंगररस्त्याच्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी, तुमची २९ फुटी तिथं परत फिरवली असती. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज म्हणून जागा आहे. अस्वलांमुळं तिथं कापडी तंबूच चालत नाहीत, पक्क्या भिंतीची गाडीच पाहिजे. झायनमध्ये १९३० साली झालेला १.१ मैलांचा बोगदा आहे. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी आली की तिथं वर्षानुवर्षं समोरची वाहतूक थांबवून तिला मधून सोडायचे. तुमची उंचीला २ इंचांनी सुटली असती, रुंदीला २ इंचांनी अडकली असती.

आम्ही दोनदा उद्यानाच्या आत जागा मिळवायला धडपडलो आणि तिसऱ्यांदा बाहेरच्या गावात राहिलो. बाहेरचंच बरं पडलं. गाडीला वीज, पाणी, घाण पाणी सोडायची सोय सगळं तिथं. गाडी तिथं ठेवायची आणि आत उद्यानाच्या बसनं जायचं. मोठी गाडी रोज हलवायची म्हणजे रोज घर आवरायचं. कपाटं बंद, भांडी आत, म्हातारी माणसं सीटवर. तिसऱ्या दिवशी बायको माझ्याशी बोलत नव्हती.

तुमच्याकडं फरक एवढाच की जागेची लांबी-रुंदी कुणी लिहून ठेवलेली नसते. टेप तुम्हालाच घेऊन जावा लागेल.

खटक्यावर_बोट
पाव्हणं, तिसऱ्या दिवसापर्यंत बोलत हुत्या हेच लई झालं 😄

वारणाकाठ
मी शिराळा भागातला शेतकरी. पाण्याकाठचं सपान सोडा दादा.

चांदोली धरण ३४.४० टीएमसीचं. पावसाळ्यात फुल्ल, नंतर आवर्तनं सुटली की पाणी मागं सरकत जातं. जे काठ तुम्हाला सपाट मैदान दिसतंय ते दोन म्हैन्यांपूर्वी पाण्याखाली हुतं. वरनं पापुद्रा वाळल्याला, भेगा पडल्याल्या, खाली लोणी. माणूस चालतो, म्हस चालती, जीप बी जाती एखाद्या वेळी. तुमची साडेसात टनाची गाडी एकदा मागच्या चाकानं बसली की जेसीबी आणा आन् वर धरणाच्या लोकांस्नी उत्तर द्या. ती जमीन कुणाची मोकळी न्हाई.

दुसरं, उसाच्या कडंला गाडी लावू नका. आमच्या भागात उसात बिबट्या हाय, पिल्लं बी उसातच हुत्यात. ऊस तुटाय लागला की ती बाहेर पडत्यात. गाडीत माणसाला काय भ्या न्हाई, पण पोरं रात्री दार उघडून लघवीला उतरत्यात. खरकटं बाहेर टाकलं की कुत्री येत्यात, कुत्र्यामागं बिबट्या येतो.

आता माझं ऐका, हसू नका. मंगल कार्यालय बघा. शेडगेवाडी-कोकरूड पट्ट्यात हायत. वऱ्हाडाच्या बशी वळाय पाहिजेत म्हणून गेट मोठं, आवार मुरमाचं दाबल्यालं, बोरचं पाणी, संडास-बाथरूम रांगेनं, थ्री-फेज लाईट. लग्नाची तारीख नसली की रिकामंच पडल्यालं असतंय. वॉचमन असतोच. ड्रायव्हरला वराकडची खोली द्या, झोपू दे राजासारखा.

मुक्कामी_गाडी
वारणाकाठ, तुम्ही एसटीत पाहिजे होता.

रानवेडा
कमाल आहे. लाखमोलाची गाडी घेऊन जंगल बघायला जायचं आणि झोपायचं मंगल कार्यालयाच्या आवारात? समोर "शुभविवाह"ची पाटी बघत? मग घरीच झोपा की. कॅम्पिंग म्हणजे आकाश, पाणी, शांतता. मी बुलेटवर सगळीकडं तंबू ठोकलाय, कुणी काही म्हणत नाही.

हळद्या
बुलेट १५० किलोपेक्षा थोडी जास्त, ही ७,५०० पेक्षा जास्त. तुलना नको. आणि "कुणी काही म्हणत नाही" म्हणजे परवानगी आहे असं नव्हे.

रानवेडा
बुलेट १९० च्या वर आहे साहेब, माहिती नसेल तर लिहू नका.

हळद्या
बरं, १९०. मुद्दा तोच.

झोळंबीची_नात
बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते. आमच्या आजीचं गाव आता उद्यानात आहे. काही गावं धरणासाठी उठली, काही जंगलासाठी. आजी असेपर्यंत वर्षातून एकदा तरी गावाचा विषय निघायचाच. कुणाच्या दारात कुठलं झाड होतं, देवळाकडं जाताना ओढा कुठं लागायचा, असलं सगळं.

तुम्ही जरूर जा. आईंना झोळंबीचा सडा, म्हणजे डोंगरावरचं मोकळं पठार, दाखवा, पाऊस संपल्यावरचं गवत डिसेंबरात सोनेरी होतं. पण फेरीत एखादी जुनी जोती, तुळशीकट्ट्याचे दगड दिसले तर गाईडला विचारा इथं कुठलं गाव होतं. बहुतेकांना फक्त जनावर बघायचं असतं. आणि स्पीकर नेऊ नका. एवढंच.

पाचगावकर
ताई, नक्की विचारू. स्पीकर घरीच ठेवतो.

शाहूपुरीची_लेक
मी इलेक्ट्रिकलमधली आहे. वीज आणि पाणी ह्या दोनच गोष्टींवर बोलते, कारण कार्यालयात थ्री-फेज आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्त होतात.

तुमच्या गाडीला लागतो सिंगल फेज, १६ अँपिअरचा पॉइंट. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ३.६ किलोवॉट मिळतात. दीड टनाचा एसी साधारण दीड-पावणेदोन किलोवॉट, गिझर २, इंडक्शन २. म्हणजे एका वेळी ह्यातलं एकच लावा. डिसेंबरात तिकडं एसी लागणारच नाही, रात्री गोधडी लागेल. सकाळी गिझर चालू असताना कुणी चहाला इंडक्शन लावलं की पिन वितळणार. कार्यालयातला तो पॉइंट बहुतेक मिक्सरसाठी किंवा डीजेसाठी काढलेला असतो, आतली वायर कुणी बघितलेली नसते.

एक्स्टेंशन स्वतःची न्या. २.५ चौरस मिमी तांब्याची, तीन तारांची. रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, सगळी उलगडा, गुंडाळलेली तापते. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय जोडू नका. गाडीचा सांगाडा लोखंडी, खाली रबरी टायर. अर्थिंग नसलं आणि आत कुठं गळती असली तर जमिनीवर उभं राहून दाराचा दांडा धरणाऱ्याला झटका बसतो. पहिली धरणार तुमची आई.

पाणी : २५० लिटर, ८ माणसं. माणशी १५ लिटर धरले तर दिवसाला १२०, म्हणजे दोन दिवस. अंघोळी गाडीत केल्या तर एकच दिवस, कारण पोरं शॉवर बंद करत नाहीत. कॅसेटचा डबा साधारण २० लिटरच्या आसपास असतो, ८ जणांना दीड दिवससुद्धा पुरणार नाही. म्हणून दिवसा आणि झोपायच्या आधी कार्यालयाचं संडास वापरा, गाडीतला फक्त रात्री आईंसाठी ठेवा. डबा ओढ्यात, शेतात, गटारात ओतायचा नाही. कार्यालयाच्या सेप्टिक टाकीत ओतायची परवानगी आधी मागा, आणि डब्यात कुठलं औषध घालतात ते मालकाला विचारा. फॉर्मॅलिनचं असेल तर टाकीतले जिवाणू मरतात. मग त्या लग्नघराचं काय व्हायचं ते तुम्हीच बघा.

पाचगावकर
मंडळी, रविवारी भाच्याला मागं बसवून मोटरसायकलवर सगळं बघून आलो. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

बुरुडाकडनं १२ फुटी कळक घेतला. ११ फूट २ इंचांवर लाल चिंधी बांधली. भाचा उभा कळक जमिनीला टेकवून धरणार, मी फोटो काढणार. पेठ नाका सोडल्यापासून जिथं जिथं स्वागत कमान, वडाची पारंबी, लोंबती तार दिसली तिथं थांबलो. लोकांना वाटलं रस्त्याची मोजणी आली. एका आजोबांनी "आमचं घर जातंय का?" विचारलं, त्यांची समजूत घालण्यात चहा झाला.

मुक्कामी काका, तुमचा नियम लांबीला शंभर टक्के खरा निघाला. उंचीला मात्र एके ठिकाणी दगा दिला. एसटी ज्या कमानीखालून जाते ती कमान साडेअकरा फूट. म्हणजे आम्ही ४ इंचांनी सुटलो. पण कमानीच्या अलीकडं केबलवाल्याची तार चिंधीच्या खाली वीतभर. एसटीच्या डोक्यावर एसी नसतो, आमच्या आहे.

पाण्याकाठची जागा बघितलीच. मन मानत नव्हतं. जागा इतकी देखणी की भाचा म्हणाला मामा इथंच. कळक जमिनीत दाबला, दीड फूट लोण्यात सुरी जावी तसा गेला. काढताना दोघांनी ओढला. वारणाकाठ, तुम्हाला दंडवत.

वरच्या अंगाला एक रिसॉर्ट होतं. फोनवर म्हणाले, "या की, आमच्याकडं ट्रॅव्हल्स येते." जाऊन बघितलं तर गेट १० फुटांचं, आत जायला चढ, चढावरच वळण. ट्रॅव्हल्स कुठं थांबते विचारलं तर म्हणे खाली डांबरीवर, लोक चालत वर येतात.

मग कार्यालय. गेट १६ फूट, आवारात गाडी एका दमात गोल फिरेल. गवंड्याची पाण्याची नळी नेली होती. गाडी जिथं उभी राहणार तिथं पुढच्या-मागच्या चाकात ४ इंचांचा उतार निघाला. दोन फळ्या टायरखाली घातल्या की झालं. रात्रीचे १,५०० रुपये, पाणी-लाईट धरून. सेप्टिक टाकीला मालक आधी बिचकले, औषध सौम्य आहे म्हटल्यावर हो म्हणाले. आमच्या दोन तारखांना लग्न नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी आवार रिकामं करून द्यायचं. म्हणून ३ रात्रींच्या २ केल्या.

पाटी "शुभविवाह"चीच आहे, रानवेडासाहेब. पण आवाराच्या मागं भाताची कापलेली खाचरं आणि त्यामागं डोंगर. ऊस एका बाजूला आहे, तो सोडून उलट्या बाजूला दार येईल अशी गाडी लावणार.

रानवेडा
फोटो बघितला. डोंगर बरा आहे.

मुक्कामी_गाडी
उंचीचं माझ्या ध्यानात आलं नाही, चूक माझी. आमच्या वेळी टपावर कॅरिअर असायचं, पोती-कणग्या, कोंबड्यांच्या पाट्या वर. तेव्हा तारा आम्हीच काठीनं उचलायचो. हल्ली टप मोकळा असतो, सवय गेली. तुम्ही मात्र विजेच्या तारेला काठी लावू नका, केबलवाल्याला फोन करून तार वर घ्यायला सांगा.

पाचगावकर
केलाय फोन. "उद्या करतो" म्हणालाय.

खटक्यावर_बोट
म्हणजे शिमग्याला.

शाहूपुरीची_लेक
फळ्या पुढच्या चाकांखाली की मागच्या ते उभं राहिल्यावर ठरवा, गाडीत पाणी भरल्यावर उतार बदलतो. आणि हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांना दगड लावा.

पाचगावकर
परत आलो. उशीर झाला लिहायला, दप्तरात वर्षअखेर.

तार वर घेतली नव्हती. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा साडेचार. केबलवाला फोन उचलेना. ड्रायव्हर म्हणाला हळू काढतो, खालून घासून जाईल. मी नाही म्हटलं. शेवटी शेजारच्या दुकानदारानं एका पोराला खांबावर चढवून तार सोडवून घेतली. त्यात सव्वा तास गेला. तेवढ्यात मागं उसाच्या तीन ट्रॉल्या अडकल्या आणि त्यातल्या एकानं आमच्या आरशाला ओरखडा दिला. अंधार पडायच्या आत आवारात शिरलो, पण थोडक्यात.

पहिली रात्र फार छान गेली. आई खुर्ची टाकून दारात बसली होती, स्वेटर, वर शाल. तिला पायऱ्या तीनच होत्या. मध्येच म्हणाली, इथं लग्नं कशी दणक्यात होत असतील नाही? डोंगराकडं तिची पाठ होती. कार्यालयाचं स्वयंपाकघर, चुलींची रांग, मोठे हंडे हे सगळं तिनं वॉचमनकडून उघडून बघितलं, तांदूळ किती किलो लागतो ह्याची चौकशी केली.

सकाळी जीप सांगून ठेवली होती. आईला जीपमध्ये चढवायला वऱ्हाडाच्या स्टेजची लाकडी पायरी वापरली. आत शेकरू दोनदा दिसलं, पोरांना ते राज्यप्राणी असल्याचं शाळेत शिकवलेलं, त्यामुळं आरडाओरडा. गवे लांबून दिसले, सात-आठ, एक काळाभोर नर आमच्याकडं बघत बराच वेळ उभा होता. वाघाचा पत्ता नाही, अपेक्षाही नव्हती. झोळंबीची_नात, सड्यावर आम्ही गाईडला विचारलं. तो सुरुवातीला थोडं बोलला, मग जीप थांबवून खाली उतरला आणि जोत्यांवरून हात फिरवत घरं मोजून दाखवली. त्याचंही आजोळ उठलेलंच निघालं. आई तिथं काही बोलली नाही. रात्री म्हणाली, त्या दारातलं रामफळ अजून होतं.

दुसरी रात्र वेगळी. संध्याकाळी ६ ला बघतो तर आवारात टेम्पो, त्यात डीजेच्या पेट्या. मालकानं लग्न नाही म्हटलं होतं, साखरपुडा आहे हे सांगितलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. पण ती माणसं आमच्यापेक्षा जास्त ओशाळली. गाडी हलवायला लागणार नाही म्हणाले, फक्त डीजे तुमच्या दाराकडं तोंड करून लागेल. १० ला आवाज बंद झाला हे नशीब. आम्ही नऊही जण जेवायला त्यांच्या पंगतीत. पोरं नाचली. आईला नवरीच्या आजीशेजारी बसवलं.

वीज : दुसऱ्या सकाळी मेहुण्यानं चहाला इंडक्शन लावलंच, गिझर चालू असताना. पिन काळी पडली, वास सुटला. शाहूपुरीची_लेक, तुमचं वाक्य मी त्याला मोबाईलवर वाचून दाखवलं.

कॅसेट एकदाच रिकामी करावी लागली. पाणी दोन दिवस पुरून उरलं.

झोळंबीची_नात
रामफळ कुठल्या बाजूला होतं? जोत्याच्या उजवीकडं का?

पाचगावकर
उजवीकडं. शेजारी पाटा फुटलेला पडला होता.

झोळंबीची_नात
आईला दाखवते हे. धन्यवाद.

डेन्व्हरचा_पाव्हणा
आम्ही जूनमध्ये येतोय, सहा आठवडे. तेव्हा चांदोली बंद असणार. मोठी गाडी घेऊन पावसात दाजीपूरच्या बाजूला जाता येईल का?

हळद्या
अभयारण्यही पावसात पर्यटकांना बंद असतं. राधानगरीपर्यंत जा, धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडलेले बघायचे असतील तर तेवढ्यासाठी जुलै धरा. पण गाडी लहान घ्या. पावसात मुरूमसुद्धा लोणी होतो.

वारणाकाठ
कळक घेऊन जावा म्हणावं.

मुक्कामी_गाडी
पाचगावकर, तो कळक आहे का अजून? आमचा पुतण्या गाडी ठरवतोय, आंब्याला.

पाचगावकर
आहे काका, माळ्यावर. चिंधी मात्र सोडून दुसरी बांधा, त्याच्या गाडीची उंची वेगळी असेल. रविवारी घरी असतो, या.